सहाव्या महिन्यातलं डोहाळजेवण

समुद्र आमच्यापासून इतका लांब, की पिपरबोडीच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यात तो पाहिलेलं एकही माणूस नाही. म्हणूनच ‘लाट आली’ असं आम्ही म्हणालो तेव्हा सगळे हसले. आधी पोलीस हसले, मग कंपनीचा इंजिनिअर, मग चौकशीचा साहेब, तो गालातल्या गालात. चंद्रपूर जिल्ह्यात लाट! सहा माणसं मेली होती, आणि वाचलेल्यांना येडं ठरवायला तेवढं हसू पुरलं.

आधी जागा सांगतो, नाहीतर तुम्हीही हसाल.

भद्रावतीच्या या अंगाला कोळशाची एक जुनी खदान आहे. बोगद्याची नाही, उघडी. जमीनच वरून खरवडत खरवडत खाली नेलेली. कोळसा संपला, कंपनीने पंप उचलून नेले आणि पावसाळ्यामागून पावसाळा तो खड्डा भरत गेला. पाणी हिरवं, गार, आणि खोल इतकं की दोर सोडून तळ लागत नाही. तीन बाजूंनी सरळ कडे. चौथ्या बाजूने जुना डंपरचा रस्ता उतरत उतरत पाण्यात शिरतो. आम्ही त्याला घाट म्हणतो. घाटाला लागूनच मातीचा डोंगर आहे, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. कोळशावरची उपसलेली माती, दगड. तिला इथे सगळे ‘ओबी’ म्हणतात. नवी खदान पलीकडे चालू आहे आणि तिची ओबीही कंपनी याच डोंगरावर आणून ओतते, कारण ही जागा जवळ पडते. डोंगर रोज उंच होतो. पाय त्याचे पाण्यात, भिजलेले.

या पाण्यात मासे सोडायचं डोकं प्रफुल्लचं.

प्रफुल्ल म्हणजे नीलाबाईच्या भावाचा पोरगा. लहानपणीच मायबाप गेले. नीलाबाई आणि तिचा नवरा बिरजू यांना मूल नव्हतं, त्यांनी त्याला वाढवला. बिरजू आमच्या मच्छीमार सोसायटीचा मुखिया, जाळ्यावरचा पहिला माणूस. पोरगा शिकला, कंपनीत लागला, ओबीवर सुपरवायझर झाला. कोणत्या डंपरने कुठे माती ओतायची हे तो ठरवणार. कंपनीच्या कॉलनीत क्वार्टर, बायको दीपिका, दारात गाडी. मोहल्ल्यातून जाताना तो हॉर्न वाजवायचा तेव्हा आम्हालाच बरं वाटायचं. आपला पोरगा.

‘‘मामाजी, एवढं पानी रिकामं पडून आहे,’’ तो बिरजूला म्हणाला होता. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात. ‘‘रोहू-कतल्याची बोटुकली सोडा. साहेबाले मी सांगतलं आहे. कोनी काही म्हननार नाई.’’

‘‘कागद?’’ बिरजूने विचारलं.

‘‘मी आहे न! माहा शब्द कागदापेक्षा कमी आहे का?’’

आम्ही बोटभर पिल्लं सोडली. ती हातभर झाली. घाटावर जाळं ओढायचं, आणि वर तीनचाकी गाडीत बर्फाची पेटी घेऊन भद्रावतीचा अयूब उभा. तो मासे घ्यायचा, बाजारात विकायचा. त्याचं तोंड सकाळपासून चालू असायचं. ‘‘बिरजूभाऊ, तुमचे मासे तुमच्यासारखेच हो. अंगानं मोठे, बोलायले मुके!’’

आता आमच्या एका रीतीबद्दल सांगतो. तिनेच घात केला.

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे बोडी लुटवतात. बोडी म्हणजे गावचं लहान तळं. पाणी सोडून देतात, सोसायटी आपले मासे काढून घेते, आणि मग मुखिया काठावरून ओरडतो, ‘‘सुटली गा, बोडी सुटली!’’ मग कोणाचं काही नाही. म्हातारी, सून, लेकरू, जो तो टोपली घेऊन गाळात. हाताला आलं ते आपलं. वर्षभरात तेवढा एकच दिवस, जेव्हा कोणाला विचारावं लागत नाही. चालायला लागल्यापासून आमच्या पायांना हे शिकवलेलं आहे की पाणी मागे गेलं की पुढे पळायचं. शहाणपण म्हणा, खुळेपण म्हणा, ते डोक्यात नाही, पायात आहे.

चैत्रातली सकाळ होती. सोसायटीचं जाळं घाटावर होतं. मोहल्ल्यातल्या बाया मासे निवडायला आलेल्या. नीलाबाई मात्र त्यांच्यात नव्हती. त्याच दिवशी कॉलनीत दीपिकाचं डोहाळजेवण होतं, प्रफुल्ल घरून तिला गाडीत बसवून घाटावर आला होता. बिरजूलाही चल म्हणत होता.

‘‘मामाजी, जाळं उद्या ओढा.’’

‘‘अयूबभाऊ बर्फ घेऊन आला आहे, बर्फ उद्याची वाट पाह्यते का? तू आत्याले ने. मी अंग धुऊन येतो जेवाले.’’

प्रफुल्ल घाटावरच उभा राहिला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. पुन्हा म्हणाला, ‘‘चाला न मामाजी.’’ बिरजू हसला, ‘‘जाय रे, येतो न!’’ मी, इसरू, जाळ्याचं दुसरं टोक धरून तिथेच उभा होतो. प्रफुल्लने माझ्याकडे पाहिलं. बायांकडे पाहिलं. मग गाडीत बसून गेला.

ऊन वर आलं तेव्हा पाणी हललं. आवाज नाही, काही नाही. घाटावरून पाणी मागे सरकायला लागलं, जसं कोणी खालून ताट तिरपं करावं. ओला चिखल उघडा पडला, मग त्याखालचा जुना डांबरी तुकडा, आणि त्यावर मासे. शेपट्या आपटणारे, चांदीसारखे, हातभर हातभर. बिडी पेटवून दोन झुरके घ्यावे एवढा वेळ आम्ही नुसते पाहत राहिलो.

मग मोहल्ल्यातल्या केसरबाईची माय, मंगली, सत्तरीची म्हातारी, घमेलं घेऊन धावली. ‘‘सुटली गा! सुटली!’’

कोणी थांबलं नाही. बिरजूही नाही. मला जाळ्याची गाठ सोडायची होती म्हणून मी मागे राहिलो, यात माझं शहाणपण काही नाही.

आणि मग ओबी बसली. डोंगराचं अख्खं पुढचं अंग एका दमात पाण्यात उतरलं. त्याच्या आवाजाने माझे कान बंद झाले. लाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे फेस येत असेल. फेस नव्हता. खदानीतलं पाणीच उठून घाटाने वर चालत आलं. काळं, जड, आणि थांबेचना. वाटलं आता ओसरेल, आता ओसरेल, तरी ते येतच राहिलं. अयूबची गाडी त्याने पाठीवर घेतली आणि पळसाच्या झाडांत नेऊन फेकली. अयूब एका फांदीला लटकला, हात मोडला, वाचला. मी खुंट्याला बांधलेल्या जाळ्याच्या दोराला बिलगून राहिलो. पाणी परत फिरलं ते आलं त्याहून जोरात, आणि ज्यांना ते नुसतं पाडून गेलं होतं त्यांना ओढत घेऊन गेलं. पलीकडच्या कड्याला आपटून दुसरी लाट आली. ती पहिलीहून मोठी. बिरजू पहिल्या लाटेतून उठलेला मी पाहिला होता. मंगलीला काखेत धरून तो वर येत होता. दुसरीनंतर दोघंही दिसले नाहीत.

पोलिसांनी काय म्हटलं माहीत आहे? दारू पिऊन, बंदी असलेल्या जागेत, मासे चोरायला उतरले, गाळात रुतले, बुडाले. बिरजू चहावर चहा पिणारा माणूस. पण ढिवर म्हटला की दारू, आणि मेला की चोर. एवढं यांचं शिक्षण.

नीलाबाई रडली नाही असं लोक म्हणतात. रडली. पण त्याआधी तिने विचारलं, ‘‘चोर म्हनलं? माह्या मानसाले चोर म्हनलं?’’ आणि त्या दिवसापासून तिचं तेवढंच मागणं. पैसा नको, नोकरी नको. बिरजू चोर नव्हता, पाण्याने त्याला नेलं आणि पाणी ओबीने हलवलं, हे सरकारने लिहावं.

अयूब हाताला प्लास्टर बांधून आला, सोबत त्याची पोरगी आफ्रीन. ती भद्रावतीला शाळेत भूगोल शिकवते. मोहल्ला नीलाबाईच्या ओसरीवर जमला होता.

‘‘मावशी, परात आहे?’’ आफ्रीनने विचारलं.

‘‘पोरी, तू चहा घे आधी. परात कायले?’’

‘‘दाखवते.’’

मोठी परात आणली, पाण्याने भरली. आफ्रीनने एका कडेला आतून ओल्या मातीचा ढीग लावला. ढिगाशेजारी परातीच्या उतरत्या काठावर, पाण्याच्या अगदी टोकाला, तिने तांदळाचे दाणे ठेवले. मग ढिगाचा पाण्याखालचा पाय बोटाने हळूच आत ढकलला. वरून काहीच कळलं नाही, पण पाणी दाण्यांपासून मागे सरलं.

‘‘खालची माती घसरली की तिथं खळगा पडतो, पाणी तिकडे ओढलं जातं,’’ ती म्हणाली. ‘‘समुद्रातही असंच. त्सुनामी वाऱ्यानं होत नाही. वारा फक्त वरचं पाणी हलवतो. समुद्राचा तळच भूकंपानं वर-खाली झाला, किंवा पाण्यात डोंगर कोसळला, तर तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी ढकललं जातं. भर समुद्रात ती लाट कमरेएवढीही नसते, वरून बोट निघून जाते, कळत नाही. पण धावते विमानासारखी. उथळ किनारा लागला की पुढचं पाणी हळू होतं, मागचं त्याच्यावर चढतं, आणि उंची वाढते.’’

तिने उरलेला ढीग एकदम पाण्यात पाडला. पाणी दाण्यांवर चढलं, खाली गेलं, पलीकडच्या काठाला लागून परत आलं. दाणे तळाला.

मग केसरबाई म्हणाली, ‘‘म्हंजे पानी मागं गेलं तेव्हाच...’’

‘‘तेव्हाच वर पळायचं होतं. खूप ठिकाणी लोक असेच मेले आहेत. समुद्र मागे गेला म्हणून शंख गोळा करायला गेले.’’ आफ्रीनने पदराला हात पुसले. ‘‘आणि एक लाट गेली म्हणजे संपलं असं नसतं. दुसरी, तिसरी येते. शाळेत मी पोरांना फक्त ‘भूकंप’ एवढं पाठ करून घेते. पुस्तकात भूस्खलनही आहे, पण पेपरात येत नाही.’’

‘‘बेटी, पेपरात नाही आलं, माह्या गाडीवर आलं,’’ अयूब म्हणाला. कोणाला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

नीलाबाई परातीकडेच पाहत होती. तिने विचारलं, ‘‘खालची माती अशी एकदमच घसरते का वो? की आधी काही दिसते?’’

‘‘आधी वरती भेगा पडतात, मावशी. एवढा मोठा डोंगर न सांगता नाही बसत. वर काम करणाऱ्याला दिसतंच.’’

वर काम करणारा. ते ऐकून नीलाबाई आत निघून गेली. का, ते मला पुढे तिच्याच तोंडून कळलं.

डोहाळजेवण सातव्यात असतं. कोणाकडे पाचव्यात चोरचोळी करतात. सहाव्यात कोणी करत नाही. प्रफुल्लने आमंत्रण दिलं तेव्हाच ती थट्टेने म्हणाली होती, ‘‘काऊन रे, सहाव्यातच घाई? पोट पळून जाते का?’’ आणि क्वार्टरवर पोचली तर ना हिरवी साडी, ना फुलं, दीपिका स्वतःच गोंधळलेली. ‘‘आत्या, मलेही सकाळीच सांगतलं त्यांनी.’’ मोहल्ल्यातली एकही बाई बोलावलेली नव्हती. फक्त तिला आणि बिरजूला बोलावलं होतं.

प्रफुल्ल एका दुपारी आला, तेही तिनेच मला नंतर सांगितलं. नीलाबाईने पाणी दिलं नाही, सरळ विचारलं, ‘‘भेग पाह्यली होती तू?’’

तो खाली बसला. पाय धरायला वाकला. तिने पाय ओढून घेतले.

‘‘आत्या, मी साहेबाले सांगतलं होतं. साहेब म्हने काम थांबवता येत नाई, लोकाइले सांगशील तर गोंधळ होईल, नोकरी जाईल. मले वाटलं, आठ-दहा दिवस टिकते. तरी मले राह्यवलं नाई. तुले नेलं न मी? मामाजीले किती म्हनलं, तू पाह्यलं. मी तुमच्यासाठी केलं.’’

‘‘आन् मंगली? तुले कडेवर घेऊन हिंडत होती ते मंगली?’’

त्याने खाली ठेवलेली गाडीची किल्ली उचलली.

‘‘चौकशीत सांगशील हे?’’

‘‘कसं सांगू? दीपिकाले दिवस आहेत.’’ मग त्याने तिच्याकडे न पाहता जे म्हटलं ते ती विसरणार नाही. ‘‘आन् आत्या, तू बी नको सांगू. मी तुले नेलं हे कळलं तर मोहल्ला काय म्हनन? नीलाबाईले मालूम होतं म्हनन. तुले इथी राह्यचं आहे.’’

पाहा कसा पिंजरा केला. तिचा जीव वाचवला आणि त्याच जिवाने तिचं तोंड शिवलं. सांगावं, तर मोहल्ला तिला वैरीण समजणार. न सांगावं, तर बिरजू मेल्यावरही चोर. पोरगा धरून बसला होता की आत्या गप्प राहील. तिने वाढवलेला, तिची भीती त्यालाच ठाऊक.

चौकशी जेठात झाली, समाजमंदिरात. बाहेर जमीन तव्यासारखी, आत पंखा गरम वारा ढवळत होता. समोर टेबलाशी सरकारी साहेब, बाजूला कंपनीचा इंजिनिअर आणि प्रफुल्ल. इकडे आम्ही, बाया एका बाजूला सतरंजीवर. नीलाबाईने परात आणली होती. साहेब म्हणाला, ‘‘हे काय? इथे स्वयंपाक नाही.’’

आफ्रीन उठली, ‘‘सर, दोन मिनिटांत दाखवते.’’

‘‘मॅडम, इथे शाळाही नाही.’’ कंपनीचे लोक हसले.

इंजिनिअर बोलला. लाटेला समुद्र लागतो, निदान वारा लागतो. खड्ड्यात कसली लाट? पाण्यात हे लोक उतरले, त्यांच्या वावरण्याने काठची माती सुटली. म्हणजे आम्हीच डोंगर पाडला! सहा माणसांनी, टोपल्यांनी!

साहेबाने प्रफुल्लला विचारलं, ‘‘मासेमारीची परवानगी होती?’’

‘‘नाही साहेब.’’ इथे तो शुद्ध बोलत होता.

‘‘लाट आल्याचं म्हणतात.’’

‘‘मी तिथे नव्हतो, साहेब. पण अशी लाट येत नाही.’’

‘‘ओबीला आधी भेगा होत्या?’’

‘‘नाही साहेब. घटनेपर्यंत ओबी पक्की होती.’’

नीलाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरळ केला. साहेबाकडे पाहिलंच नाही तिने.

‘‘प्रफुल्ल, दीपिकाचं डोहाळजेवन तू सहाव्यात काऊन केलं?’’

इंजिनिअर फस्सकन हसला. साहेब वैतागला, ‘‘बाई, जेवणाचा इथे काय संबंध?’’

‘‘त्याले विचारा. ज्या दिवशी ओबी बसली त्याच दिवशी होतं. सकाळी गाडी घेऊन आला, मले घेऊन गेला. माह्या मानसाले तीनदा चाल म्हने. बाकी कोनाले नाई. ओबी पक्की होती तर आम्हालेच काऊन नेत होता?’’

आता कोणी हसत नव्हतं. ‘‘आत्या... साहेब, ते... सातव्यात पाऊस लागला असता. म्हणून आधी उरकलं.’’

बायांना महिने मोजायला शिकवावं लागत नाही. केसरबाई उठली, जिची माय त्या पाण्याने नेली होती ती.

‘‘पाऊस? चैतात सहावा होता तिले. वैशाखात सातवा. आता जेठ आहे, आठवा चालू आहे. कुठी आहे रे पाऊस?’’ तिने दाराबाहेरच्या उन्हाकडे हात केला. ‘‘दाखव न! एक थेंब दाखव!’’

सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. साहेब टेबल ठोकत राहिला. प्रफुल्ल खाली पाहत होता. इंजिनिअरने त्याच्यापासून खुर्ची थोडी सरकवली, ते मी पाहिलं. ज्यांच्यासाठी त्याने आम्हाला विकलं, त्यांनी त्याला तिथल्या तिथे टाकून दिला.

‘‘भेग होती का?’’ साहेबाने पुन्हा विचारलं. आता त्याचाही आवाज बदलला होता.

‘‘होती,’’ प्रफुल्ल म्हणाला. ‘‘वर सांगितलं होतं.’’

मग साहेब आफ्रीनला म्हणाला, ‘‘मॅडम, दाखवा काय ते परातीत.’’ तिने दाखवलं. तो उठून, वाकून पाहायला आला. लिहून घेतलं. लाट हा शब्द त्याने लिहिला, तो मोठ्याने वाचूनही दाखवला. बिरजू चोर नव्हता हेही तोंडाने म्हणाला. कागदावर टिकतं का ते पुढे पाहू. साहेब लोकांचं मला माहीत आहे.

पण नीलाबाईचं काम अजून व्हायचं होतं. केसरबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

‘‘त्याले तू दिसली. बिरजूभाऊ दिसला. माही माय नाई दिसली.’’

‘‘हो.’’

‘‘तुले मालूम होतं का वो, नीलाबाई?’’

‘‘मालूम असतं तर मी माह्या मानसाले तिथी सोडून पुरन खाल्लं असतं का?’’

केसरबाई दाराकडे वळली. बाकीच्या बायाही उठल्या, चपला घातल्या, गेल्या. नीलाबाईकडे कोणी पाहिलं नाही. प्रफुल्ल म्हणाला होता तेच झालं, निदान त्या दुपारी.

नीलाबाई एकटीच उन्हात निघाली. परात विसरली. मी उचलायला वाकलो तर केसरबाईने माझ्या हातातून ती घेतली, आतलं पाणी दारातच ओतलं, आणि नीलाबाईच्या मागे चालायला लागली. सोबत नाही, मागे. पण तिच्या घराकडे जायचा रस्ता दुसरा होता, आणि तो सोडून ती चालली होती.

पलीकडे ओबीवर डंपर माती ओतत होते.